टूरचा शेवटचा दिवस, मोठा पडदा आणि नेमका चढावर दम सोडलेला वायफाय

आधीच सांगतो, कॅफेचं नाव लिहिणार नाहीये. विजयनगरच्या बाजूला पहिल्या मजल्यावर आहे आणि चालवणारा मुलगा रविवारी पहाटे आमच्याच ग्रुपबरोबर सायकल दामटतो, म्हणजे तक्रार पण करायची आहे आणि पुढच्या रविवारी त्याला तोंड पण दाखवायचंय. इंदुरातले सायकलवाले ओळखतीलच. बाकीच्यांसाठी एवढंच, की ग्रुपवर मेसेज आला, "टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस मोठ्या पडद्यावर, माणशी साडेतीनशे, त्यातले अडीचशे खाण्यात वळते" (टूर म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल रेस), आणि २७ जुलै २०२५ च्या रविवारी संध्याकाळी साडेसातला मी, बायको, भाचा आणि आमचे काका असे चौघं तिथे जाऊन बसलो.

आता घरी फोनवर फुकट दिसतं तर (फुकट कुठलं, पण समजून घ्या) साडेतीनशे कशाला द्यायचे असं आई म्हणालीच. त्यात श्रावण लागलेला. आपला श्रावण शुक्रवारी लागला, इथल्यांचा सावन पंधरा दिवस आधीच, त्यामुळे आमच्या घरात दर वर्षी बाहेर काय खायचं आणि काय नाही यावर दोन दोन कॅलेंडरं चालतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिला श्रावणी सोमवार. "बारा वाजायच्या आत काय ते खाऊन घ्या" या अटीवर सुटलो.

तर कारण सांगतो. तीन आठवडे मी टूर पलंगावर पडून, कानात इयरफोन घालून बघितली. मों वाँतू डोंगरावरचा फिनिश असाच बघितला, शेवटच्या वळणावर बेन हीली पुढे, आणि व्हॅलेंताँ पारे-पँत्र त्याच्या बाजूने घुसून जिंकला, या टूरमधला फ्रेंच माणसाचा पहिला विजय, आणि मी उशी तोंडावर दाबून ओरडलो कारण बाजूला बायको झोपलेली. उशीत ओरडून काय मजा यार. ओरडायला माणसं लागतात, आणि सगळ्यांनी एकाच वेळी ओरडायला पाहिजे, हे दुसरं जास्त महत्त्वाचं, ते का ते पुढे येईलच.

जागा छान आहे. पंचवीस-तीस माणसं आरामात मावतात, पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, चित्र एकदम मोठं, पण जिन्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड सरळ भिंतीवर पडत होता, तो बंद करा म्हणून तीन वेळा सांगावं लागलं. बसायला बीनबॅग. काका अडुसष्ट वर्षांचे, जवानीत अ‍ॅटलसवरून रामबागेतून महूला नोकरीला गेलेला माणूस, बीनबॅगमध्ये बसले ते बसलेच, मग दोघांनी हात धरून काढलं आणि प्लास्टिकची खुर्ची मागवली. साडेआठपर्यंत स्पीकरवर रिमिक्स गाणी आणि खाली बारीक आवाजात कॉमेंट्री असला प्रकार. एकाने जाऊन गाणी बंद करवली तेव्हा टाळ्या पडल्या, रेस सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या टाळ्या त्याच.

खाण्याचं सांगतो. त्या दिवसापुरता खास फ्रेंच मेनू केला होता, फळ्यावर खडूने लिहिलेलं, "फ्रेंच अनियन सूप", आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात "जैन में भी उपलब्ध". भाचा दहा मिनिटं हसत होता. मी कांदेवालं मागवलं, बरं होतं, मिरपूड सढळ. क्रोसाँ गार, आणि गार क्रोसाँ म्हणजे कालची खारी. पण नऊच्या सुमारास त्या मुलाने स्वतः आत जाऊन पोहे टाकले, वर शेव, जीरावन (आमचा पोह्यांवरचा इंदुरी मसाला), लिंबू, आणि बाहेर झिमझिम पाऊस आणि पडद्यावर पॅरिसमध्ये पण पाऊस, त्या क्षणी मी त्याला सगळं माफ केलं होतं. (नंतर माफी मागे घेतली.) आल्याचा चहा दोनदा घेतला, दोन्ही वेळा कडक. आणि एक मोठी गोष्ट, साडेतीन तासात कोणी येऊन "सर, और कुछ?" असं टेबल उठवायच्या सुरात विचारलं नाही. सायकलची रेस क्रिकेटसारखी नसते, मधले दोन तास काहीही होत नाही आणि तेच बघायचं असतं, हे कळणारा कॅफेवाला मिळणं म्हणजे नशीब.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टूरचा शेवटचा दिवस म्हणजे वरात असते. पिवळी जर्सीवाला, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यात पुढे असलेला, हातात शॅम्पेनचा ग्लास घेऊन फोटो काढतो, त्याच्यावर कोणी हल्ला करत नाही, पॅरिसच्या शाँजेलिझे रस्त्यावर चकरा होतात आणि शेवटी स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या पट्टीत सुसाट सुटणारे लोक, आपसात झुंजतात. १९७५ पासून शेवट शाँजेलिझेवरच, फक्त २०२४ ला ऑलिम्पिकमुळे नीसला गेला होता. काका म्हणाले, वरात कसली, १९८९ विसरला का, शेवटच्या दिवशी टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचं, लेमाँड पन्नास सेकंदांनी मागे होता आणि आठ सेकंदांनी टूर जिंकला, फिन्याँ बिचारा रस्त्यावर बसला. काकांनी ते तेव्हा बघितलं नव्हतं, कुठे दिसणार इंदुरात, वाचलं होतं, पण सांगतात असं की फिनिश लाइनवर हेच उभे होते.

२०२५ ला आयोजकांनी वरातीत घोडाच उधळला. मोंमार्त्रची टेकडी टाकली, तीन वेळा चढायची, रू लेपिकची दगडी फरसबंदी, १.१ किलोमीटर, सरासरी ५.९ टक्के. आकडा ऐकून आमच्यातले इंदूरजवळचा भेरू घाट चढणारे म्हणाले हे काय, हे तर आपण पण चढू. चढू हो, पण वीस दिवस रेस मारून, ओल्या दगडांवर, पिवळ्या जर्सीतल्या पोगाचारच्या मागे नाही चढणार. पावसात पेव्हर ब्लॉकवर स्कूटर कशी सटकते ते राजवाड्याकडे जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको, इथे तर टायर बोटाएवढं. ऑलिम्पिकमध्ये याच टेकडीवर इतकी गर्दी जमली की टूरवाल्यांना मोह आवरला नाही. पण पाऊस लागल्यावर त्यांनी पडापडी नको म्हणून साधारण पन्नास किलोमीटर बाकी असतानाच एकूण क्रमवारीचं घड्याळ थांबवलं, म्हणजे पोगाचारची चौथी टूर तिथेच पक्की, व्हिंगगार ४ मिनिटं २४ सेकंदांनी दुसरा, लिपोविट्झ तिसरा, आता पुढे फक्त आजचा दिवस कोण जिंकतो एवढंच.

इथे चहा घेऊन आलेल्या पोराने जो प्रश्न विचारला तो अख्ख्या संध्याकाळचा बेस्ट प्रश्न. "भैया, पीला वाला तो जीत गया ना? फिर ये भाग क्यों रहा है?" कारण पडद्यावर पिवळ्या जर्सीतला पोगाचारच सगळ्यात पुढे, टेकडी आली की हाणतोय, मागचे गळतायत, आणि शेवटी पुढे सहाच जण उरले. या टूरमध्ये चार स्टेज (एकेका दिवसाची रेस म्हणजे स्टेज) आधीच खिशात, घड्याळ बंद, पाऊस, पडला तर हाड मोडेल, तरी पळतोय. कोणालाच नीट उत्तर देता येईना. काका म्हणाले, "उसको साइकिल चलाना अच्छा लगता है बेटा." पोरगा ट्रे घेऊन तिथेच उभा राहिला तो शेवटपर्यंत हलला नाही, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात कोणाला पाणी मिळालं नाही, हे रिव्ह्यूमध्ये लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय, तक्रार नाही.

तक्रार ही आहे. आमचा भाचा वाउट व्हान आर्टचा भक्त. या माणसाने २०१९ ते २०२२ मध्ये टूरच्या नऊ स्टेज मारल्या, डोंगर, टाइम ट्रायल, स्प्रिंट सगळं, २०२१ ला तर याच शाँजेलिझेवर जिंकला, आणि मग तीन वर्षं टूरमध्ये एक नाही. मधे मोठे अपघात, गुडघा फुटला, एप्रिलमध्ये बेल्जियमच्या एका रेसमध्ये चार जणांत तीन याच्याच टीमचे आणि तरी पॉवलेसने स्प्रिंटमध्ये हरवलं, भाच्याने दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. पण ओल्या दगडांवर हा माणूस वेगळा, सायक्लोक्रॉसचा, म्हणजे चिखलातल्या सायकल रेसचा, तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, चिखलात लहानाचा मोठा झालेला. तर शेवटची चढण सुरू झाली, सहाचे सहा एकत्र, खोलीत पिनड्रॉप, भाचा माझा दंड धरून बसलेला, आणि कोपऱ्यातल्या टेबलवरून एकदम आवाज, "गेला! गेला रे! सोडला त्याला!"

कोणाला सोडला? कोण गेला? पडद्यावर तर सगळे अजून खालीच. तो भाऊ फोनवर बघत होता आणि फोन पडद्याच्या निदान अर्धा मिनिट पुढे. वीस माणसं त्याच्यावर ओरडली. आणि आम्ही ओरडतोय तोवर प्रोजेक्टरवर चित्र थांबलं आणि मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं. बघा म्हणजे, जगातली सगळ्यात भारी चढाई चालू आहे आणि आमच्या भिंतीवर एकच चाक फिरतंय. कॅफेच्या वायफायवर सगळेच चढलेले, प्रत्येकाच्या खिशातला फोन त्यालाच जोडलेला. मालक खुर्चीवर चढून राउटर हलवतोय, राउटर हलवून काय होतं ते आजवर मला कळलेलं नाही, कोणीतरी हॉटस्पॉट दिलं, लॉगिन, पासवर्ड, चुकला, परत, आणि चित्र आलं तेव्हा व्हान आर्ट एकटा, टेकडीच्या पलीकडे, उतारावर, आणि मागे पिवळी जर्सी कुठे दिसत नाही.

म्हणजे ज्या एका हल्ल्यासाठी साडेतीनशे रुपये दिले, तोच हुकला. पोगाचारला चढावर सरळ अंगावर घेऊन सोडून देणारा माणूस या टूरमध्ये किती वेळा दिसला? आम्ही तो रिप्लेत बघितला, सगळं कळलेलं असताना, शिळ्या पोळीसारखा.

पण पुढचे सहा किलोमीटर. त्याबद्दल मी कॅफेला काहीच बोलू शकत नाही. तेव्हा मालकाने पोळ्यांची टोपली फिरवली आणि सगळ्यांचे फोन त्यात गोळा केले (हे सुरुवातीलाच करायला काय झालं होतं?), आणि मग खोलीत फक्त एकच पडदा उरला आणि सगळ्यांचा श्वास एका मापात आला. मागे पाच जण, हा एकटा, ओले कोपरे, प्रत्येक वळणावर सगळी खोली हळूच त्याच्याबरोबर झुकायची. बायको, जी "मी फक्त पोह्यांसाठी आले" म्हणून आली होती, तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले. शाँजेलिझेची सरळ पट्टी आली, त्याने मागे वळून बघितलं, कोणी नाही, आणि मग जो आवाज झाला त्याने खालचा मेडिकलवाला वर बघायला आला. १९ सेकंदांनी जिंकला, बालेरिनी दुसरा, पोगाचार चौथा. टूरमधली त्याची दहावी स्टेज. भाचा रडत होता आणि रडत नाहीये म्हणत होता. "मामा, डोळ्यात जीरावन गेलं."

मग लगेच वाद. एक गट म्हणे पोगाचारने शेवटी जोर काढून घेतला, त्याला काय गरज होती. दुसरा म्हणे गरज नव्हती तर आधी चार वेळा हाणायचं काय कारण, दमला, सरळ कबूल करा. एक काकू होत्या, त्यांचा राग वेगळाच, बिचाऱ्या स्प्रिंटरांनी तीन आठवडे डोंगर चढून मरायचं ते या एका दिवसासाठी आणि तिथे पण यांनी टेकडी आणून ठेवली. मला त्यांचं पटतं खरं तर, अर्धं. पण जे बघितलं ते बघितल्यावर जुनी वरात परत आणा म्हणायची हिंमत होत नाही. हा वाद पार्किंगपर्यंत चालला, तिथून सराफ्यापर्यंत, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीपर्यंत चालला, पावणेबाराला साबुदाणा खिचडीच्या प्लेटवर पण चालू होता. (सराफ्यातली खिचडी वाफवलेली, वर फरियाली मिक्स्चर, आपली तुपात परतलेली नव्हे, पण उपास सुरू व्हायला पंधरा मिनिटं असताना उपासाचंच खाणं हा माझ्या मते फाऊल नाही. आईच्या मते आहे.)

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. वायफायला शून्य, पोह्यांना पाच, माणसांना पाच, बीनबॅगना काकांकडून उणे दोन. पार्किंग रस्त्यावर, रविवारी मिळते. अडीचशे खरंच वळते होतात, बिलात गडबड नाही, चौघांचे वरून तीनशेचाळीस गेले. बायकांच्या टॉयलेटची कडी लागत नाही, बघून घ्या.

पुढची संधी लगेचच होती. निघताना तो ट्रेवाला पोरगा खाली सोडायला आला आणि विचारतो, "अगले संडे भी है क्या?" आम्ही नाही म्हणणार तेवढ्यात बायको म्हणाली, है ना, लेडीज वाली है. खरंच होती. टूर द फ्रान्स फाम आदल्याच दिवशी, शनिवारी, सुरू झाली होती, आम्ही पोहे खात होतो त्याच दिवशी एक्केचाळीस वर्षांच्या मावी गार्सियाने कँपेरची स्टेज मारली, हे बायको तेव्हापासून सगळ्यांना सांगतेय, तिचं वय विचारू नका. ३ ऑगस्टला शेवटचा दिवस होता, जू प्लान चढून शातेलला, आणि तिथे कोणी घड्याळ थांबवणार नव्हतं. मालकाने पडदा लावायचं कबूल केलं, जिन्यातली ट्यूब काढून ठेवणार म्हणाला, टोपली दारातच ठेवणार म्हणाला. आणि भाचा जेल रोडवरून वीस मीटरची लॅन केबल घेऊन आला, रविवारी दुपारी चारला जाऊन राउटर ते लॅपटॉप स्वतः टाकणार म्हणाला, फक्त एवढंच, की जिन्यात वायर दिसली तर पाय जपून टाका.