गुडघ्यात पुन्हा पुन्हा रक्त साचतंय: तार घालायची की गुडघा उघडायचा?

गुडघ्याच्या वाट्या बदलून (कृत्रिम सांधा बसवून) दोन वर्षं झालेली, यावलच्या आमच्या आत्याबाई शेतापर्यंत चालत जायच्या. एका सकाळी गुडघा टम्म. सुईने काढलं तर पाणी नाही, रक्त. पंधरा दिवसांत उतरलं, दीड महिन्याने पुन्हा तेच. गावात निदान तयार: "वाटी सरकली."

बहुतेक वेळा सरकलेलं काही नसतं. सांध्याचं आतलं अस्तर सुजतं, वाट्यांमध्ये चिमटतं आणि रक्त येतं. क्वचित ऑपरेशनमध्ये दुखावलेल्या धमनीला फुगा आलेला असतो.

तार (म्हणजे नळी घालून रक्ताची धमनी आतून बंद करणं) की चाकू, हे ठरवण्याआधी काढलेलं रक्त कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला, गेलंच पाहिजे. जंतू निघाले तर उपचाराची वाटच बदलते. एक्स-रे, रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादीही हवी. स्टेंट असेल तर त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. विश्रांती आणि बर्फावरही काहींचं भागतं.

नाही भागलं तर तार. जांघेतून बारीक नळी गुडघ्याच्या धमन्यांपर्यंत नेतात, रक्त कुठे जास्त धावतंय ते डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) टाकून बघतात आणि ती फांदी बारीक कणांनी बंद करतात. जागा तेवढीच बधिर करतात, गुडघ्याला टाका नाही. पण काहींना पुन्हा करावं लागतं, गुडघ्यावरची कातडी काही दिवस काळी-निळी पडू शकते, आणि डाय मूत्रपिंडातून जातो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघाच; मे महिन्यातल्या आपल्या उन्हात अंगातलं पाणी आटलेलं असताना तर नक्कीच.

ऑपरेशनमध्ये सुजलेलं अस्तर काढून टाकतात. दुर्बिणीतूनही होतं, पण गुडघा उघडला तर वाट्या ढिल्या आहेत का ते हाताने तपासता येतं, मधलं प्लास्टिक बदलता येतं. बदल्यात भूल, जंतुसंसर्गाची भीती, गुडघा आखडणं आणि व्यायाम पुन्हा पहिल्यापासून.

माझं मत: वाट्या घट्ट असतील, कल्चर स्वच्छ असेल, तर आधी तार. सांधा ढिला किंवा डगमगता असेल तर तारेवर पैसे घालवू नका. पण जळगाव-धुळ्यात हृदयाची कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) दिसली म्हणून गुडघ्याचंही होईल असं समजू नका. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे एक्स-रेत बघत नळीतून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. नाशिक किंवा संभाजीनगरची गाडी पकडण्याआधी फोनवर एवढंच विचारा: "गुडघ्याच्या धमन्या तुम्ही बंद करता का, आणि आजवर किती केल्या?"