मिनीडेक्स्ड, आठ महिन्यांनंतर: अर्धं वाद्य फायलींत आहे

गेल्या भाद्रपदात रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर मिनीडेक्स्ड हे सॉफ्टवेअर बसवलं. यामाहाचा डीएक्स ७ हा १९८३ चा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य. मिनीडेक्स्ड त्याच्यासारखे आठ सिंथ एकाच वेळी चालवतं. खाली लिनक्स वगैरे काही नाही, कार्डावरून थेट सुरू होतं. आवाजाबद्दल फार लिहीत नाही. घंटेसारखा ई-पियानो पहिल्यांदा वाजला तेव्हा घरातले सगळे खोलीत आले, एवढं पुरे.

लिहायचं आहे ते फायलींबद्दल, कारण माझे आठ महिने त्यांच्यातच गेले. मेमरी कार्डावर मिनीडेक्स्ड डॉट आयएनआय आणि परफॉर्मन्स डॉट आयएनआय अशा दोन साध्या मजकुराच्या फायली असतात. पहिलीत यंत्राची जोडणी, दुसरीत आवाजांची मांडणी.

पहिल्याच दिवशी अडकलो. नोटपॅडमध्ये नवी फाईल करून सेव्ह केली, तर नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटलं. यंत्राला ती फाईल दिसेचना, आणि मी दोन तास वायरी तपासत बसलो. विंडोजमध्ये फाईल एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय आधी चालू करा.

पायच्या हेडफोन जॅकमधून खरखर येते. पीसीएम ५१०२ चा छोटा डॅक बोर्ड (आकड्यांचा आवाज करणारी पट्टी) जोडला आणि पहिल्या फाईलीत साउंड डिव्हाइसपुढचं पीडब्ल्यूएम (हेडफोन जॅक) काढून आयटूएस (डॅक बोर्ड) लिहिलं. एक शब्द बदलताच आवाज स्वच्छ झाला. चंक साइझ, म्हणजे यंत्र एका वेळी आवाजाचे किती नमुने तयार करतं तो आकडा, २५६ वर ठेवलाय. ४८००० सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला ४८००० नमुने धरून, तो साधारण ५ मिलिसेकंदांचा तुकडा होतो. १०२४ केला तर २१ मिलिसेकंद होतात, आणि तबल्याबरोबर वाजवताना बोट मागे राहिल्यासारखं वाटतं. १२८ करून पाहिला, तर सगळे आवाज लावल्यावर फटफट ऐकू यायला लागली.

खरी मजा दुसऱ्या फाईलीत आहे. तिथे प्रत्येक आवाजाची स्वतःची पट्टी, स्वतःची हद्द. प्रत्येक स्वराला एक क्रमांक असतो. पहिल्या आवाजाची वरची मर्यादा ५९, दुसऱ्याची खालची ६०, की कीबोर्ड मधल्या सा-पाशी दुभागतो: डावीकडे बेस, उजवीकडे पियानो. एकच आवाज दोन जागी लावून दोघांचं डिट्यून (सूर बारीक सरकवण्याचा आकडा) एकमेकांपासून किंचित हलवलं की त्याला भरीव, पेटीसारखी थरथर येते. ती मिळाल्यापासून आमच्या भजनी मंडळात या डबीला मान मिळाला.

चूकही तिथेच झाली. बुवा काळी एकमध्ये गातात. मी पांढरी एकवरून वाजवतो, म्हणून नोट शिफ्ट (सगळे स्वर वर-खाली सरकवण्याचा आकडा) १ करायचा होता. पहिल्या आवाजाला केला, दुसऱ्याला विसरलो. शुक्रवारच्या भजनात पहिल्याच ओळीला बुवा थांबले. "अरे, तुझे दोन हात दोन पट्ट्यांत चाललेत!" त्या रात्री घरी येऊन एक नियम धरला: एका वेळी एकच ओळ बदलायची, कार्ड घालून ऐकायचं, मगच पुढची. तारखेच्या नावाने जुन्या फाईलीची प्रत ठेवायची.

ही प्रत ठेवण्याची सवय आमच्या भागात फार उपयोगी पडते. सोलापूरच्या साखर पेठेत शेजारी माग चालतात आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. डिसेंबरात फाईल सेव्ह करतानाच लाइट गेली. उघडून पाहिलं तर फाईल रिकामी. प्रत होती म्हणून दहा मिनिटांत पुन्हा उभं राहिलं.

ज्याला फाईल उघडायचीच नाही, त्याने तयार कीबोर्ड घ्यावा, हे मनापासून सांगतो. डिस्प्ले आणि फिरवायचं बटण जोडता येतं आणि त्यावरून आवाज बदलता येतात, पण पिना कुठल्या हेही फाईलीतच लिहावं लागतं.

आता वैशाख आहे, सोलापुरात पारा चाळिशीपार. पायवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लावलाय आणि डबीचं झाकण काढून ठेवलंय. दुसरं कार्ड तयार करून कीबोर्डच्या पिशवीत टाकलंय. त्यात बुवांच्या काळी एकची फाईल आहे, दोन्ही आवाजांना नोट शिफ्ट १ घातलेली.