आठ महिने टिलर पायलट वापरून: जुळवाजुळव धुळ्यात, वापर अलिबागच्या समुद्रात

आमच्याकडे टिलर म्हटलं की पॉवर टिलर डोळ्यासमोर येतो, म्हणून आधीच सांगतो, इथे टिलर म्हणजे बोटीच्या सुकाणूचा दांडा. आणि टिलर पायलट म्हणजे त्या दांड्याला आडवं लागणारं बॅटरीवरचं यंत्र, त्याच्या आतच कंपास असतो, एकदा दिशा धरून दिली की ते दांडा ढकलत-ओढत बोट त्याच दिशेला ठेवतं. मी आणि माझा मेहुणा दोघं धुळ्याचे, अर्धे-अर्धे पैसे घालून घेतलेली जुनी २२ फुटी शिडाची बोट अलिबागकडे असते, महिन्यातून एकदा-दोनदा मुंबई-आग्रा हायवेने रात्री निघायचं आणि सकाळी पाण्यात. पण दोघंच असल्यामुळे एक जण दिवसभर दांड्याला जखडलेला, मग शीड ओढायचं, दोऱ्या बघायच्या, डब्यातली कळण्याची भाकरी काढून द्यायची ते सगळं दुसऱ्याने. दोन सीझन असे काढले आणि मग ठरवलं की पायलट घ्यायचाच.

निवडताना सगळ्यात पहिले बोटीचं वजन बघायचं, लांबी नाही. रेमरीन कंपनीचा एसटी१००० प्लस ३००० किलोपर्यंतच्या बोटीला चालतो, एसटी२००० प्लस ४५०० किलोपर्यंत, आणि हे वजन माणसं, पाणी, नांगर, इंजिन सगळं धरून, कागदावरच्या वजनापेक्षा २० टक्के जास्तच धरा. आमची बोट भरून दीड टनाच्या आसपास, म्हणजे लहान मॉडेल पुरलं असतं, तरी मोठं घेतलं, कारण त्यात बॉल स्क्रू आहे, म्हणजे छोट्या गोळ्यांवर फिरणारा स्क्रू, त्यामुळे दांडा लवकर हलतो, आणि हलकी बोट लाटेवर पटकन फिरते तेव्हा जोरापेक्षा हा वेगच कामाला येतो. सिमरॅड कंपनीचे टीपी१० आणि टीपी३२ पण बघितले होते, तेही चांगले, पण आमच्या ओळखीत रेमरीन वापरणारा एक जण होता म्हणून तिकडे वळलो. बोटीच्या मागे लावायचं, विजेशिवाय वाऱ्याच्या जोरावर सुकाणू फिरवणारं विंडवेन घ्या असंही काही जण म्हणाले. गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शिडाच्या बोटींच्या रेसमध्ये इलेक्ट्रॉनिक पायलट चालत नाही, तिथे सगळे विंडवेनवरच जग फिरतात, आपले भारतीय नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२३ मध्ये त्या रेसमध्ये दुसरे आले. पण आमच्या एवढ्याशा बोटीच्या मागे ते वजन टांगणं नको वाटलं, शिवाय वारा पडला आणि इंजिन लावलं की त्याचा उपयोग संपला.

आता बसवण्याबद्दल, आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं, ब्रँड कुठलाही असो. यंत्राचं एक टोक दांड्यावरच्या पिनवर बसतं आणि दुसरं सीटमधल्या सॉकेटमध्ये, म्हणून दोन मापं पाठ करा: सुकाणू ज्या अक्षावर फिरतं तिथून दांड्यावरची पिन ४६० मिमी, आणि दांडा बरोबर मधोमध असताना त्या पिनपासून सीटवरचं सॉकेट ५८९ मिमी. यंत्र आडवं, सपाट आणि दांड्याशी काटकोनात असलं पाहिजे. मी पहिल्यांदा ४६० मोजलं ते बोटीच्या मागच्या फळीच्या आतल्या बाजूपासून. आमचं सुकाणू त्या फळीच्या बाहेर बिजागरीवर लटकतं, म्हणजे खरा अक्ष आणखी ८ सेंटीमीटर मागे, आणि पिन पडली ५४० वर. यंत्राचा दांडा एकूण २३६ मिमीच सरकतो, त्यामुळे ४६० वर सुकाणू दोन्ही बाजूंना साधारण १४ अंश वळतं, ५४० वर जेमतेम १२. ऐकायला फरक किरकोळ आहे पण पहिल्या दिवशी बोटीच्या मागे चालत्या बैलाच्या मुतासारखी वळणं उमटत होती, मेहुणा म्हणाला दाजी हे यंत्र परत करा. यंत्र चांगलं होतं, भोक चुकलं होतं. ते इपॉक्सीने बुजवून परत पाडलं आणि बोट सरळ चालायला लागली, तेव्हा इतका आनंद झाला की दोघं अर्धा तास नुसते मागची पाण्यातली रेघ बघत बसलो.

दुसरी अडचण उंचीची. आमचा दांडा सीटपेक्षा पाच इंच वर, म्हणून दांड्याच्या खालून एक ब्रॅकेट हवं होतं. धुळ्यात घरच्या ओट्यावर लाकडी दांडा आणि पीव्हीसी पाइप कापून हुबेहूब नमुना बनवला आणि तो पारोळा रोडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेला, त्याचं रोजचं काम ट्रॉल्या आणि वखराचं, नमुना हातात घेऊन म्हणतो "हाई काय शे भाऊ, पेरनी यंत्रनं शे का?" पण काम अगदी सफाईचं केलं. स्टील मात्र ३१६ ग्रेडचंच घ्या, साधं एसएस खाऱ्या पाण्यात डाग धरतं. सीटवर सॉकेटचं भोक पाडताना आत फोम किंवा बाल्सा (हलकं लाकूड) असेल तर आधी मोठं भोक पाडून इपॉक्सीने भरा आणि मग त्यात बरोबर मापाचं पाडा, नाहीतर पाणी आत शिरून सीट कुजते. खालून प्लायचा तुकडाही लावा.

वायरमध्ये कंजुषी केली ती नडली. घरच्या फिटिंगची उरलेली तांब्याची वायर टाकली, दोन महिन्यात टोकं हिरवी-काळी, आणि पायलट जोर लावायच्या वेळीच बंद पडायचा. आता कथिल चढवलेली मरीन वायर आणि वेगळा फ्यूज आहे. कंपासचंही तसंच, एकदा बोट अचानक वीसेक अंश वाकडी जायला लागली, तासभर शोधलं, शेवटी पायलटच्या अगदी खाली सीटच्या कप्प्यात ब्लूटूथ स्पीकर सापडला, स्पीकरमध्ये चुंबक असतं ना.

समुद्रावर म्हणाल तर सकाळी मतलई वाऱ्यावर सपाट पाण्यात तो माझ्यापेक्षा सरळ चालवतो, हे मनापासून सांगतो. दुपारी खारा वारा वाढला की बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते, मग पायलट सतत कण्हतो आणि बॅटरी खातो. त्यावर उपाय पायलटचा नाही, शिडाचा आहे, मोठं शीड थोडं सैल सोडा किंवा वेळेवर रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा, आवाज लगेच थांबतो. मागून लाटा येत असतील तर मात्र मी दांडा हातातच घेतो, त्याला लाट दिसत नाही, बोट फिरल्यावरच कळतं.

त्याला जाळीही दिसत नाहीत. खांदेरी बेटाच्या बाजूला कोळी बांधवांची जाळी असतात, त्यांचे बोये अगदी जवळ गेल्यावर दिसतात, आणि मुंबईकडे मोठ्या जहाजांची वर्दळ. म्हणून पायलट चालू म्हणजे एकाची नजर पाण्यावर, यात तडजोड नाही. आणि दुसरं, पायलटवर असलेली बोट तुम्ही पाण्यात पडलात तरी थांबत नाही, तशीच पुढे निघून जाते. लाइफ जॅकेट आणि हार्नेसची दोरी बोटीला बांधल्याशिवाय आम्ही दोघं पायलटचं बटण दाबतच नाही, मेहुणा झोपलेला असेल तेव्हा तर नक्कीच नाही.

पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर असते आणि पायलट आमच्याकडे धुळ्यात. ताडपत्री शिवणाऱ्याकडून त्याला झाकण शिवून घेतलंय, वापरतानाही तेच घालतो म्हणजे शिंतोडे थेट बसत नाहीत. मे महिन्यात आणताना गाडीच्या डिकीत मात्र ठेवला नाही, इकडचं ऊन माहितीच आहे, मांडीवर घेऊन आलो. आता ऑक्टोबरमध्ये पहिलं काम म्हणजे सॉकेटच्या खालचा प्लाय उघडून बघायचा, शेवटच्या खेपेला तिथे थोडी ओल जाणवली होती.