गूगलचे ‘फाइंड हब’ : कामाचे, पण पासवर्ड जपा

रामकुंडावरच्या गर्दीत आईचा फोन पडला, तेव्हा या विनामूल्य सेवेने तो नकाशावर दाखवला आणि सायलेंटवर असूनही मोठ्याने वाजवला. एका फूलवालीने तो टोपलीत जपून ठेवला होता. फोन न मिळाल्यास त्यातील माहिती दुरूनच पुसता येते, मात्र त्यासाठी तो इंटरनेटला जोडलेला असावा लागतो, मेमरी कार्डावरचे फोटो तसेच राहू शकतात आणि पुसल्यावर ठिकाण दिसणेही बंद होते, म्हणून आधी लॉक करणेच इष्ट. मला खटकते ते हे की, गूगल खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला आपला ठावठिकाणा पाहता येतो. दुकानदाराकडून खाते उघडून घेणाऱ्या ज्येष्ठांचा पासवर्ड घरच्यांनी त्याच दिवशी बदलून द्यावा.