मांडवीची जुनी मशीद: जाण्याआधी

सॅम्युएल स्ट्रीटवरचं शार हारहामीम हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी ते स्थापलं, सध्याच्या जागी ते 1860 पासून आहे. मशीद स्टेशनवरून चालत जा. गाडी नेलीत तर हातगाड्यांत अडकाल.

ओळखपत्र ठेवा, पुरुषांनी डोकं झाका. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो: फोटो नाहीत, पैशांचा व्यवहारही नाही. देणगी द्यायची तर शब्बाथ संपल्यावर. दहा प्रौढ पुरुष जमले नाहीत तर मिन्यान (सामूहिक प्रार्थनेची गणसंख्या) होत नाही, म्हणून काही प्रार्थना गाळाव्या लागतात. पेटीतून तोरा (ज्यूंच्या धर्मग्रंथाची गुंडाळी) काढतात तेव्हा सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा.

जमल्यास मलिदा, म्हणजे प्रसादाचं ताट मांडून करायचा बेने इस्रायलींचा विधी, चुकवू नका. तू बिश्वात (झाडांचा सण), नवस फेडणं किंवा लग्नाआधीचा विधी असला की एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने तो होतो. ताटात पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळं. पोहे भिजत घालायचे नाहीत, चाळणीत धुऊन निथळायचे. नाहीतर नारळाचं पाणी सुटून लगदा होतो. आशीर्वाद म्हणून होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, भूक कितीही लागो.