मेनोपॉज, होमिओपॅथी आणि नाव नसलेली बाटली : सात-आठ महिने वापरल्यानंतर

मध्यंतरी गायनॅक मॅडमनी विचारलं, सध्या कुठली औषधं चालू आहेत, आणि मला उत्तरच देता येईना. पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली. पांढऱ्या झाकणाची, बोटाएवढी बाटली, वर चिकटवलेल्या कागदावर पेनाने ४-४-४ आणि माझा केस नंबर, बाकी काही नाही. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला, स्पिरिटचा वास, गोळ्या साबुदाण्यासारख्या. "यात आहे काय?" मी तिथूनच क्लिनिकला फोन लावला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "काकू, नाव सांगत नाही आम्ही, सरांनी सांगितलंय तसं. घ्या की बिनधास्त, साइड इफेक्ट काय नसतंय त्याला." मी म्हटलं सरांना फोन द्या, तर सर बिझी. त्या दिवसापासून डोकं फिरलंय, म्हणून एवढं सगळं लिहायला बसले.

हॉट फ्लॅश, म्हणजे अचानक अंग तापून घाम फुटणं, ते इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. माझं वय ४९, पाळी वर्षभर येईल-न येईल अशी चालली होती आणि दिवाळीच्या सुमारास रात्रीचा घाम सुरू झाला. कोल्हापुरात थंडी पडलेली, आमचे हे चादर ओढून झोपलेले आणि मी पहाटे तीनला उठून पंखा पाचवर करून उशीचं कव्हर बदलतेय. हार्मोनच्या गोळ्यांची भीती होती, कारण २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने त्या गोळ्यांनी ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो अशी बातमी दिल्यापासून आमच्या पिढीच्या डोक्यात ती पक्की बसलीय. जाऊबाई म्हणाल्या, होमिओपॅथी घे, माझं डोकं दुखायचं थांबलं त्यानं. झालं, राजारामपुरीतल्या एका क्लिनिकला गेले.

पहिली भेट खरंच चांगली झाली, हे मी आजही म्हणेन. तासभर ऐकून घेतलं. झोप लागताना त्रास होतो की जाग आल्यावर, गळ्याभोवती घट्ट काही सहन होतं का, राग आला की बोलता की गप्प बसता, गोड आवडतं की आंबट. घरात इतकं कुणी विचारत नाही. बाहेर पडले तेव्हा निम्मं ओझं उतरलं होतं आणि गोळी तर अजून तोंडात गेली नव्हती. फी महिन्याला पाचशे, औषधासकट.

गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, रात्री तिखट नको, रोज चालायचं, वजन उतरवायचं, झोपायची वेळ ठरलेली. आता कोल्हापूरच्या माणसाला रात्री तांबडा रस्सा नको म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल, पण मी पाळलं. रविवारचं मटण दुपारी खायचं, रात्री मुगाची आमटी नाहीतर नाचणीची भाकरी आणि ताक. सकाळी आधी रंकाळ्यावर जायचे, पण तिथे गप्पाच जास्त व्हायला लागल्या म्हणून विद्यापीठाच्या कॅम्पसात जायला लागले, तिकडे चढ आहे, दम लागतो.

कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात रात्रीच्या प्रत्येक घामाला एक टिक मारत होते. संक्रांतीपर्यंत टिका निम्म्यावर आल्या. मी इतकी खूश की भिशीतल्या सगळ्यांना त्या डॉक्टरांचा नंबर दिला. हा अनुभव तेव्हा लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

मग मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले. बाटली तिथे संपली. क्लिनिकला फोन केला, नाव सांगा, इथल्या दुकानातून घेते, तर तेव्हाही हेच उत्तर, नाव देत नाही, कुरिअरने पाठवतो, कुरिअरचे वेगळे. मी म्हटलं राहू दे. लेकीच्या घरी जेवण साधं, चहा सकाळीच एकदा, बाळ झोपलं की आपण झोपायचं. टिका वाढल्या नाहीत. पार महिनाभर गोळीशिवाय काढला आणि टिका आहे तिथेच. परत आल्यावर गोळ्या सुरू केल्या आणि त्याच आठवड्यात भाच्याचं लग्न लागलं, रोज रात्री रस्सा, मध्यरात्रीपर्यंत चहा, जागरण, तर गोळ्या वेळेवर घेऊनसुद्धा रोज रात्री गाउन पिळून काढावा इतका घाम. तेव्हापासून माझं मत बदललं. काम करत होता तो छापील कागद.

त्यानंतर बसून वाचलं. होमिओपॅथीत औषध किती वेळा पातळ केलं ते पोटन्सीवरून कळतं. ३० पोटन्सी म्हणजे औषधाच्या एका भागात पाणी-अल्कोहोलचे नव्याण्णव भाग मिसळून हलवायचं, त्यातला एक भाग घेऊन परत तेच, असं तीस वेळा. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणू तरी शिल्लक असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल हेल्थ अँड मेडिकल रिसर्च कौन्सिलने २०१५ मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं की कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा मिळत नाही. आणि हॉट फ्लॅशच्या बाबतीत तर नुसती साखरेची गोळी दिलेल्या बायकांचेही फ्लॅश बऱ्यापैकी कमी होतात, शिवाय ते आपोआप कमी-जास्त होतच असतात. कुणी तासभर प्रेमाने ऐकलं तर झोप सुधारेलच. त्याला मी नावं ठेवत नाही, ते ऐकून घेणं फार मोलाचं आहे.

पण नाव का सांगत नाही? हे माझ्या डोक्यातून जातच नाही. "रेणूच नाही तर नावाचं काय घेऊन बसलीस," असं आमचे हे म्हणतात, पण बाटलीत ३० पोटन्सी आहे हे तरी मला कुठे माहितीय? ती मदर टिंक्चरमध्ये, म्हणजे पातळ न केलेल्या मूळ अर्कात भिजवलेली गोळी असू शकते की. मेनोपॉजला सिमिसिफ्यूगा देतात, ते म्हणजे ब्लॅक कोहोश, आणि त्याचं मदर टिंक्चर म्हणजे खरोखरचा वनस्पतीचा अर्क, अल्कोहोलमधला. ब्लॅक कोहोशने क्वचित लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. ज्या बाईचं लिव्हर आधीच नाजूक आहे तिने हे कुणाला विचारायचं? मेनोपॉजलाच देतात त्यातलं सेपिया कटलफिशच्या शाईपासून बनतं, लॅकेसिस दक्षिण अमेरिकेतल्या सापाच्या विषापासून. माझ्याबरोबर कॅम्पसात चालायला येणारी मैत्रीण जैन आहे, कांदा-लसूणही खात नाही, तिलाही याच क्लिनिकमधून अशीच बाटली मिळालीय. पुढे त्यात काही उरत नसेल, पण घ्यायचं की नाही हे तिने ठरवायला नको? गोळ्या साखरेच्या असतात, पुड्यांमध्ये दुधातली साखर, म्हणजे डायबेटिसवाल्या बाईलाही विचारायचा हक्क आहे. दुकानात सीलबंद बाटली घेतली तर नाव, पोटन्सी, बॅच नंबर, एक्सपायरी सगळं छापलेलं असतं. मग क्लिनिकमधून दिली की तेवढं गुपित कशासाठी? लक्ष्मीपुरीतल्या दुकानात जाऊन स्वस्तात घेईन म्हणून? घेईन की, पैसे माझे आहेत.

आता गायनॅक मॅडमनी काय सांगितलं ते, कारण ते मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पहिलं म्हणजे थायरॉइड तपासा, घाम, धडधड, झोप उडणं हे त्यातही होतं. सलग बारा महिने पाळी नसली की मेनोपॉज म्हणायचा, आणि त्यानंतर एक थेंबही रक्त दिसलं तर घरगुती काही न करता सरळ दाखवायला यायचं. फ्लॅश सरासरी सात वर्षांच्या आसपास चालू शकतात. वजन उतरलं की फायदा होतो, माझं उतरलंय. रात्री दचकून उठल्यावर "आता झोप गेलीच, उद्याचा दिवस वाया" असा जो विचार सुरू होतो त्यावर काम करायची एक पद्धत आहे, सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी), तिला चांगला पुरावा आहे. हार्मोनच्या गोळ्यांची भीती सरसकट बाळगू नका, साठीच्या आत किंवा मेनोपॉजनंतर दहा वर्षांच्या आत सुरू केल्या आणि ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताच्या गाठी असं काही नसलं तर बऱ्याच बायकांना धोक्यापेक्षा फायदाच जास्त होतो. मला सध्या गरज वाटत नाही, पण दार बंद नाही.

लघवीची जळजळ आणि कोरडेपणा मात्र ना चालण्याने गेला ना नाचणीने. त्याबद्दल बायका बोलतच नाहीत, मीही होमिओपॅथीवाल्यांना फक्त एकदाच अर्धवट बोलले होते. मॅडमनी लावायचं क्रीम दिलं, इस्ट्रोजेनचं, अगदी कमी डोसचं. काही आठवड्यांत फरक. एवढे दिवस मी उगाच सोसत होते आणि एवढे दिवस कुणी नीट विचारलंही नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि हाडं. फ्लॅश दिसतो म्हणून आपण त्याच्यामागे लागतो, पण पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं भराभर झिजतात ते दिसत नाही. डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी केली, ऑस्टिओपेनिया निघाला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या) अलीकडे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, पण या वयात दिवसाला बाराशे लागतं, दोन भाकऱ्यांनी भागत नाही. दूध, दही, तीळ, सकाळचं ऊन आणि वजन उचलायचा व्यायाम, नुसतं चालून हाडाला पुरत नाही. सध्या खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करते आणि डंबेल्स आणलेत.

क्लिनिकचे पाचशे बंद केले. त्यात महिन्याचं कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन बसतं, वर कट्ट्यावर समोरच म्हैस पिळून देतात त्या धारोष्ण दुधाला पैसे उरतात, ते मात्र घरी आणून उकळूनच पिते. चारनंतरचा चहा अजून बंद आहे, टिका आठवड्याला एखाद-दुसरी. जाऊबाईंना गोळ्या चालूच ठेवायच्यात, त्यांना बरं वाटतं, माझी ना नाही. त्यांच्यासाठी विचारतेय, कोल्हापुरात औषधाचं नाव आणि पोटन्सी लेटरहेडवर लिहून देणारे होमिओपॅथ कुणाला माहीत असतील तर सांगा.