सदरचा पत्र-अभ्यासवर्ग: चौथा रकाना कोरा ठेवायला लावणारा

नागपुरात बायबल अभ्यासाला तोटा नाही. बहुतेक ठिकाणी एक वचन घ्यायचं, त्यावर अर्धा तास बोलायचं आणि प्रार्थना करून उठायचं, अशी रीत. सदर भागातल्या एका चर्चच्या सभागृहात रविवारी दुपारी भरणारा बारा आठवड्यांचा वर्ग याहून फार वेगळा आहे. इथे बायबलच्या नव्या करारातली पत्रं, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना आणि माणसांना लिहिलेली, वाचतात, शेवटी दुसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावरची काही, आणि त्यांतून रोजच्या जगण्याचा मार्ग शोधतात. दोन तासांचा वर्ग, फी तीनशे रुपये, त्यात झेरॉक्स आणि चहा.

पहिला नियम: पत्र मोठ्याने, अख्खं वाचायचं. फिलेमोनाचं पत्र २५ वचनांचं, तीन-चार मिनिटांत संपतं. फिलिप्पैकरांसच्या चार अध्यायांना पंधरा मिनिटं पुरतात. रोमकरांससारखं लांब पत्र तेवढं दोन रविवारांत विभागतात. वाचायला दिलेल्या प्रतीत अध्याय आणि वचनांचे आकडे नसतात. मूळ पत्रांतही नव्हते. अध्याय तेराव्या शतकात पडले, नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे १५५१ मध्ये मिळाले. आकडे गेले की वाचणाऱ्याला मधेच थांबता येत नाही, हा मोठा फायदा. फिलिप्पैकरांस ४:१३, म्हणजे मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ म्हणणारी मुलं घरोघरी आहेत. त्याच्या आधीची दोन वचनं सलग वाचली की कळतं, पत्र लिहिणारा प्रेषित पौल यश मिळवण्याबद्दल बोलतच नाहीये. बेड्यांत असलेला माणूस भुकेत आणि भरपेटीत सारखंच समाधानी राहायला शिकल्याचं सांगतोय.

मग प्रत्येकाला चार रकान्यांचा कागद मिळतो. पत्र कोणाला, तिथे काय बिघडलं होतं, लेखकाने काय सांगितलं आणि कोणत्या कारणाने, आणि चौथा: आपण काय करायचं. चौथा रकाना पुढच्या रविवारपर्यंत भरायचा नाही. ही सक्ती सुरुवातीला जाचते, पण या वर्गाचं खरं मोल तिच्यातच आहे.

करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ ते १०, हा याचा उत्तम नमुना. विषय मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा. गणपतीत शेजारच्या काकू मोदकांची वाटी घेऊन दारात उभ्या राहतात, तेव्हा हाच प्रश्न आपल्याकडे येतो, आणि सगळ्यांना हो किंवा नाही हवं असतं. कोणी १०:२१ काढून नकार सिद्ध करतो, कोणी १०:२५ काढून परवानगी. तिसरा रकाना नीट भरला की चित्र बदलतं. देवळातल्या पंक्तीला पौलाचा ठाम नकार आहे. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा; पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि आठव्या अध्यायाचा धागा सगळीकडे: माझ्या मोकळीकीने दुर्बळ भाऊ अडखळता कामा नये. काकूंच्या वाटीचं उत्तर प्रत्येक घरात एकच येत नाही, आणि वर्ग ते लादत नाही. हेच योग्य आहे.

इफिसकरांसचा रविवारही चांगला. पहिल्या तीन अध्यायांत आज्ञा जवळजवळ नाहीच, फक्त २:११ मध्ये आठवण ठेवा असं सांगितलंय. चौथ्या अध्यायापासून आज्ञांची रांग लागते. म्हणजे आधी देवाने काय केलं, मग आपण कसं चालायचं. लग्नात ५:२२, बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, हे ऐकवणाऱ्या मंडळींनी त्याच्या आधीचं वचन, एकमेकांच्या अधीन असा, सोडून देऊ नये, हे इथे स्पष्ट बजावतात.

आता उणिवा. करिंथकरांस पहिल्या पत्राला दोनच रविवार आहेत, आणि ते अपुरे पडतात. अकराव्या अध्यायातलं प्रभुभोजन दहा मिनिटांत उरकलं जातं. वास्तविक तिथलं दुखणं अगदी ओळखीचं आहे: काहींचं आधीच भरपेट होतं, काही उपाशी राहतात, आणि पौल सांगतो, एकमेकांसाठी थांबा. प्रीतिभोजनाच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हे समजेल. याकोब २:२४ (माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे, कर्मांनी नीतिमान ठरतो) आणि रोमकरांस ३:२८ (कर्मांवाचून विश्वासाने ठरतो) शेजारी ठेवून वर्ग पुढे जातो, तेही बरोबर नाही. उघड्या-उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्या विश्वासावर याकोब तुटून पडतो. पौलाचा वाद मोशेच्या नियमशास्त्राच्या कर्मांशी आहे. एवढं सांगितलं नाही तर लोक गोंधळ घेऊन घरी जातात.

शेवटचे दोन रविवार क्लेमेंट आणि इग्नाटियस या प्रेषितांनंतरच्या पिढीतल्या मंडळी-पुढाऱ्यांचे: क्लेमेंटचं पत्र आणि इग्नाटियसची पत्रं. ही नव्या करारात नाहीत, हे पहिल्याच मिनिटाला ठासून सांगायला हवं. इथे ते उशिरा येतं. क्लेमेंटची निवड मात्र नेमकी. इ.स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथला लिहिलेलं हे पत्र, कारण तिथल्या मंडळीच्या वडीलजनांना पदावरून काढलं होतं. पौलानंतर चाळीस वर्षांनी तेच शहर, तीच गटबाजी! ४७ व्या अध्यायात पौलाचंच पत्र पुन्हा हातात घ्या असं सांगितलंय, ५४ व्यात माझ्यामुळे भांडण असेल तर मी निघून जातो असं म्हणणारा मोठ्या मनाचा माणूस शोधलाय. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ज्या शहरात झाली, तिथे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीआधी हा अध्याय वाचून दाखवावा.

येताना दोन मराठी भाषांतरं आणा; पंडिता रमाबाईंचं १९२४ चं मिळालं तर उत्तम, कारण फरक दिसला की तिथे थांबून विचारता येतं. पेन्सिलच वापरा, तिसरा रकाना हमखास खोडावा लागतो. उन्हाळ्याच्या तुकडीत कूलरच्या आवाजात मागे वाचन ऐकू येत नाही, पुढच्या दोन ओळींत बसा. इब्री लोकांस हे पत्र अभ्यासक्रमात नाही. नाव नोंदवतानाच ते घेण्याची मागणी करा.